मुक्कामी गाडी

वर्ष होऊन गेलं, तरी अजून कुठल्याही लग्नकार्यात कोणीतरी विचारतंच, "काय हो, तुम्ही म्हणे गाडीत झोपत झोपत हिंडलात?" विचारण्याचा सूर असा, की उत्तरादाखल डॉक्टरांचा कागदच पुढे करावा! भाच्यांना कौतुक वाटतं, व्याह्यांना काळजी वाटते, आणि धाकट्या वहिनींना तर खात्रीच आहे, की मुलांशी माझं काहीतरी बिनसलं असणार. दर वेळी तीच कथा सांगून माझा घसा बसतो. चौतीस वर्षं वर्गात ओरडून तो आधीच अर्धा गेलेला आहे. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, बिनसलं काही नव्हतं. दुसरी गोष्ट, गाडीत झोपणं हा काही माझा शोध नाही. १ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली, हे आम्ही नगरवाले (आता अहिल्यानगरवाले) अभिमानाने सांगतो. पण आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्याला एसटी खरी कळली ती मुक्कामी गाडीमुळे. दिवसाची शेवटची फेरी. अंधार पडता पडता डोंगरातल्या टोकाच्या गावाला पोचायची आणि देवळापाशी किंवा शाळेपाशी तोंड फिरवून उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर कोणाच्या तरी ओसरीवर भाकरी खायचे आणि परत येऊन गाडीतच बाकड्यांवर आडवे व्हायचे. पहाटे घंटी वाजली, की दुधाच्या किटल्या, बाजारकरी बाया आणि पेंगुळलेली पोरं घेऊन तीच गाडी राजूरकडे निघायची. ती पोरं माझ्या वर्गात येऊन बसत. पहिल्या तासाला त्यांच्या केसांत अजून चुलीच्या धुराचा वास असे.

निवडणूक, जनगणना असल्या कामांना मीही मुक्कामी गाडीने गेलो आहे. एकदा शाळेच्या ओट्यावर थंडीने काकडत असताना कंडक्टरने हाक मारली होती, "गुरुजी, वर या. मागचं बाकडं मोकळं आहे." त्या रात्री एसटीच्या काचेतून जेवढं चांदणं पाहिलं, तेवढं पुढे कधी पाहिलं नाही. ते डोक्यात कुठेतरी राहून गेलं असावं.

आता मूळ कारण. आमची ही सप्टेंबर २०२२मध्ये गेली. थोरला पुण्याला, धाकटी नाशिकला. दोघंही चांगली आहेत, आणि दोघांचंही म्हणणं एकच, की बाबांनी राजूरचं घर बंद करावं. त्यांचं चूक नाही. राजूरचा पाऊस म्हाताऱ्या माणसाला झेपणारा नाही. आणि खरं सांगायचं तर दिवस कसाही जायचा, पण रात्र जात नव्हती. ती गेल्यापासून मी दिवा चालू ठेवून झोपत होतो. आधी स्वयंपाकघरातला, मग माजघरातला, मग दोन्ही. टीव्ही हळू आवाजात चालूच. वीज गेली की जाग यायची आणि ती येईपर्यंत खुर्चीत बसून राहायचो. हे मुलांना सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी टेंपो दारात उभा राहिला असता!

त्यातून मे २०२५मध्ये माझा गाडी चालवण्याचा परवाना संपत होता. म्हणजे पुण्याला जायचं की नाही, गाडी विकायची की नाही, आणि रात्री एकट्याने निघतात की नाही, हे सगळे प्रश्न एकाच वेळी दाराशी उभे. मी मराठी शिकवणारा माणूस. प्रश्नपत्रिका समोर आली, की आधी सोपा प्रश्न सोडवायचा, हे मुलांना आयुष्यभर सांगितलं. यातला सोपा प्रश्न होता गाडीचा. दिवाळी झाली, मुलं आपापल्या गावी परतली, आणि सोमवारी, ११ नोव्हेंबर २०२४ला मी निघालो.

गाडी म्हणजे २००८ साली निवृत्त झालो तेव्हा घेतलेली ओम्नी. पंधरा वर्षं भरली तेव्हा तिचं पुन्हा पासिंग करून घेतलेलं. ओम्नीला लोक हसतात. पण मागचं बाकडं काढून टाकलं, फळी टाकली, वर गादी घातली, की पाच फूट चार इंचांचा मास्तर जरासा तिरका होऊन व्यवस्थित झोपतो. शिवाय हिचं इंजिन पुढच्या सीटखाली. गाडी बंद केल्यावरही तासभर ऊब राहते, नोव्हेंबरात ती फार कामाची. सामान मोजकं: गोधडी, घोंगडी, मच्छरदाणी, वीस लिटर पाण्याचा कॅन, थर्मास, बॅटरी, काठी, गोळ्यांचा डबा, एक ताट, एक तांब्या, एक पेला. आणि दिवाळीचा उरलेला चिवडा. स्टोव्ह मुद्दाम घेतला नाही. गाडीत विस्तव नको.

नियम तीन केले होते. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. जंगलात किंवा पाण्याकाठी मुक्काम करायचा नाही, तर गावातच, कोणाला तरी विचारून, दिव्याच्या खांबाजवळ थांबायचं. (आमच्याकडे बिबट्या ही अफवा नाही, शेजारी आहे.) आणि तिसरा नियम, जेवण कोणी दिलं तर खायचं, पण झोपायचं गाडीतच. हा तिसरा नियम पाळणं सगळ्यांत अवघड गेलं, ते पुढे येईलच.

पहिल्या दिवशी फार काही चाललो नाही. राजूर ते शेंडी, सोळा-सतरा किलोमीटर. वाटेत रंधा धबधबा. पावसाळ्यात सुमारे १७० फुटांवरून कोसळणारी प्रवरा नोव्हेंबरात दमून बसलेली असते. पण गर्दी नसते, आणि कड्याचा काळा दगड नीट बघता येतो. पुढे विधानसभेच्या निवडणुकीचं तपासणी पथक होतं. एकटा म्हातारा, मागे पडदे लावलेली ओम्नी! त्यांनी गादीसुद्धा उचलून बघितली. रोकड काही निघाली नाही, चिवड्याचा डबा निघाला. मीही पंचवीसेक वर्षं निवडणुकीची ड्युटी केलेली, तेव्हा त्यांची दशा मला ठाऊक होती. प्रत्येकाच्या हातावर मूठमूठ ठेवली आणि पुढे निघालो.

शेंडीला भंडारदरा धरणाच्या भिंतीकडे संध्याकाळी बराच वेळ बसलो. दगडी बांधणीचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने विल्सन डॅम, आणि मागच्या पाण्याला आर्थर लेक. अकरा टीएमसी पाणी. एवढं पाणी समोर असलं, की माणूस आपोआप गप्प होतो. रात्री एका खानावळीच्या अंगणात परवानगी काढून गाडी लावली, दोन्ही काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवल्या, मच्छरदाणी लावली आणि पडलो. झोप आली नाही. प्रचाराच्या जीपा बंद झाल्या, कुत्री गप्प झाली, खानावळीचा दिवा मालवला, तरी नाहीच. दोनदा उठावं लागलं, ते तर या वयाचं नित्यकर्म. बॅटरी आधी, काठी मग, चप्पल झटकून, मग पाय खाली. पहाटे साडेचारला खानावळवाल्याने चहा आणून दिला तेव्हा मी टक्क जागा होतो. मनात म्हटलं, झालं, परवाना आणि घर दोन्हींचा निकाल लागला!

पण एकादशीच्या दिवशी परत फिरायचं नाही, म्हणून पुढे गेलो. हो, मंगळवारी कार्तिकी एकादशी होती. चातुर्मास संपला. पावसाळ्याचे चार महिने एका जागी बसलेली साधुमंडळी पूर्वी या दिवसानंतर हिंडायला मोकळी होत. आपणही त्यांच्यातलेच, असं म्हणून घेतलं.

शेंडीहून पाण्याला उजव्या अंगाने वळसा घालत मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला जाता येतं. अंतर वीस-बावीस किलोमीटर असेल, पण मला तीन तास लागले. प्रत्येक वळणावर थांबायची चैन परवडते ती एकट्या माणसालाच. भातं कापणीला आली होती, काही शिवारांत झोडणी चालू होती. अधूनमधून खुरासणीचे पिवळे तुकडे. उजवीकडे कळसूबाईची रांग. १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक, आणि त्यावरचं देऊळ ठिपक्याएवढं. आणि पांजरे, उडदावणे या पाट्या वाचताना मला माझा हजेरीपटच समोर दिसत होता. अमुक अमुक, राहणार उडदावणे. तमुक तमुक, राहणार पांजरे. चौतीस वर्षं ही गावं मी मुलांच्या नावांपुढे लिहिलेली.

घाटघरला गाडी थांबवून दार सरकवतो न सरकवतो तोच मागून, "सर?" पन्नाशीतला माणूस, डोक्यावर टोपी. मला नाव आठवेना, पण त्याचं अक्षर आठवलं! उजवीकडे कललेलं, शिरोरेघ कधी न देणारं. तसं म्हणालो, तर तो एवढा खूश झाला, की मी नाव विचारायचं टाळलं. पुढे त्याच्या बायकोने हाक मारली तेव्हा कळलं.

तो मला कोकणकड्यापाशी घेऊन गेला. जमीन एकदम संपते आणि खाली ठाणे जिल्हा सुरू होतो. सह्याद्री म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकात चार ओळींत असतं, इथे उभं राहिलं की एका ओळीचीही गरज पडत नाही. जवळच घाटघरचा वीजप्रकल्प. २००८ साली सुरू झालेला, २५० मेगावॅटचा. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. "म्हणजे रात्री भरायचं आणि दिवसा रिकामं करायचं," तो म्हणाला. मी म्हटलं, माझं नेमकं उलटं चाललंय. त्याला ते कळलं नाही, आणि ते बरंच झालं.

घाटघरला लोक नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. पावसाळ्यात इथे सलग दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. आणि याच डोंगरातल्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायांना हंडे घेऊन झऱ्याशी ताटकळावं लागतं. पाणी उताराने जातं, खडक ते धरून ठेवत नाही. धरणात साठतं ते कालव्यांनी खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या शिवारांना. "पाऊस आमचा, पाणी खालच्यांचं," माझा विद्यार्थी म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, आपण हवापाण्याचं बोलतो तसं बोलला. मी मूळचा खालचा, संगमनेरकडचा. कालव्याच्या पाण्यावर वाढलेला. त्यामुळे ते वाक्य माझ्याबरोबर गाडीत आलं आणि अजून आहे.

त्याच्या आईने उपासाची वरई रांधली होती. आपण शहरात दुकानातून आणतो ती वरई, म्हणजे भगर, इथे डोंगरउतारावर पिकते. ती म्हणाली, "आम्हाला ही रोजची, तुम्हाला उपासाची." वरईबरोबर शेंगदाण्याची आमटी. मग झोपायचा विषय निघाला. घरात जागा असताना सरांनी गाडीत झोपायचं? लोक काय म्हणतील? म्हातारीने तर कोपऱ्यातली स्वतःची बाज ओढून पुढे आणली. मी म्हटलं, "आजी, तुमच्या गावाला मुक्कामी गाडी यायची, आठवतं? ड्रायव्हर घरात झोपायचा का?" ती हसली. म्हणाली, "नाय. पन भाकर आपल्याकंच खायचा." ठरलं तर मग. जेवण तुमचं, झोप माझी. ओम्नी त्यांच्या अंगणात, तोंड रस्त्याकडे करून.

त्या रात्री वारा एवढा होता, की गाडी पाळण्यासारखी हलत होती. घोंगडी डोक्यावरून घेतली. नऊला पडलो आणि जाग आली ती तीन वाजता. सहा तास! घड्याळ दोनदा बॅटरीच्या उजेडात बघितलं. मग बाहेर आलो. एकादशीचा चंद्र मावळतीला टेकत होता, अलंग-मदनच्या अंगावर थोडा उजेड उरला होता. थंडीने दात वाजत होते. पुन्हा आत येऊन पडलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या गाडीत एकही दिवा चालू नव्हता, आणि मला तो आठवलाही नव्हता.

बुधवारी साम्रदवरून रतनवाडी. साम्रदची सांदण दरी दुरूनच बघितली. दगडांवरून उड्या मारायचं वय आता राहिलं नाही. तिथून रतनवाडीचा रस्ता झाडीतला, रतनगडाच्या पायथ्याचा. या गडावरूनच प्रवरा निघते. तिच्या काठी खाली नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. उगमाशी मात्र ती पोराने उडी मारून ओलांडावी एवढी. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ फार जुनं, शिलाहारांच्या काळातलं मानतात. त्याच्या खांबांवर काय कोरलंय हे सांगत बसत नाही, ज्याने त्याने जाऊन बघावं. मी पुष्करणीच्या पायरीवर दुपारभर बसलो, एवढंच सांगतो.

तिथेही एक विद्यार्थिनी निघाली. आता सूनमुखी सासूबाई! संध्याकाळी त्यांच्या अंगणात तुळशीचं लग्न होतं. भटजी येणार नव्हते, "सर, तुम्ही म्हणा ना मंगलाष्टकं." घरी ती आम्ही दरवर्षी म्हणायचो. मी म्हणायचो, आणि ही अक्षता टाकायची, आणि मुद्दाम चार माझ्या डोक्यावर टाकायची. दोन वर्षं आमच्या तुळशीचं लग्न झालेलं नव्हतं. पहिल्या कडव्याला आवाज चिरकला, मग लागला. वाड्यातली झाडून सगळी पोरं "सावधान" म्हणायला होती. उसाचे करवे, चिंचा, आवळे, आणि नंतर पोटभर जेवण. रात्री गाडीत आलो तेव्हा केसांत तांदळाचे दाणे होते. त्या रात्री मी रडलो. बऱ्याच दिवसांनी. आणि मग गाढ झोपलो.

गुरुवारी पाचनईला जायचं, तर रस्ता शेंडीवरून परत राजूरला येऊनच. म्हणजे प्रवासाच्या चौथ्या दिवशी मी स्वतःच्या घरावरून जाणार! गाडी घराशी थांबवली. किल्ली खिशात. समोर अंगण, दोन खुर्च्या, दोरीवर विसरलेला टॉवेल. आत जाऊन गरम पाण्याने अंघोळ करायचा मोह मोठा होता. काच खाली करून मी पाच मिनिटं घराकडे बघत राहिलो, आणि तेव्हा मला कळलं, की तीन रात्री काय झालं होतं.

आमच्या घरात सगळं दोन आहे. व्हरांड्यात दोन खुर्च्या, कपाटात दोन खण, पलंगाच्या दोन बाजू, ओट्यावर दोन कप. एक वापरला, की दुसरा रिकामा दिसतो. रोज रात्री दिवा लावून मी त्या रिकाम्या निम्म्या घराची राखण करत बसत होतो. ओम्नीत सगळं एक होतं. एक उशी, एक ताट, एक तांब्या. कोणाची जागा रिकामी नव्हती, कारण जागाच एकाची होती. ही माझ्याबरोबर नव्हती असंही नाही. रतनवाडीला ती होतीच. पण तिच्या नावाची रिकामी खुर्ची समोर नव्हती.

घरात गेलो नाही. बाजारातून पेट्रोल भरलं, राजूरचे पेढे घेतले (राजूरवरून जाऊन पेढे न घेणं हे पाप आहे) आणि पाचनईच्या रस्त्याला लागलो. तीसेक किलोमीटर, बरंचसं चढ-उताराचं. याच डोंगरांनी राघोजी भांगऱ्यांना आसरा दिला होता. राजूरजवळच्या देवगावचे ते. २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं. इतिहासाचे सर हा धडा घेत तेव्हा वर्गातली डोंगरातली पोरं ताठ बसायची, हे मी शेजारच्या वर्गातून पाहिलं आहे.

पाचनई हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला. गडावर जायची ही सोपी वाट समजतात. वर केदारेश्वराची गुहा, कमरेच्या वर गार पाणी आणि मधोमध शिवलिंग. तिशीत असताना सहल घेऊन गेलो होतो तेव्हा त्या पाण्यात प्रदक्षिणा घातली आहे. या खेपेला पहिल्या चढापर्यंत गेलो, मंगळगंगेच्या काठी बसून पेढा खाल्ला आणि उतरलो. गड आहे तिथेच आहे.

त्या रात्री चतुर्दशीचं चांदणं. गाव लवकर झोपलं. कोणा घरच्या म्हाताऱ्याने रात्री दहाला काचेवर टकटक केलं. "जागं हाय का?" म्हटलं, जागा आहे. "बरं. झोपा मग." पहाटे चारला पुन्हा टकटक. "जागं हाय का?" मी म्हटलं, बाबा, आता झालो! तो म्हणाला, "न्हाय, म्हनलं बघावं. एकटं मानूस." आणि विडी पेटवून तिथेच दगडावर बसला. तास दोन तास आम्ही बोललो. मुळा आणि प्रवरा, दोन्ही नद्यांचं पाणी याच डोंगरांचं, पुढे त्या एकमेकींना मिळतात, हे मी त्याला सांगितलं. त्याने मला सांगितलं, की त्याचीही म्हातारी गेली त्याला नऊ वर्षं झाली. "मंग तुम्ही रात्री काय करता?" मी विचारलं. "गावात फेरी मारतो," तो म्हणाला. तेव्हा मला टकटकीचा उलगडा झाला.

शुक्रवारी दुपारी घरी आलो. त्रिपुरारी पौर्णिमा होती. चाळीस रुपयांच्या पणत्या आणि तेल आणलं, संध्याकाळी अंगणात लावल्या. मग एक काम केलं. पलंग ढकलत ढकलत समोरच्या लहान खोलीत खिडकीपाशी नेला. शेजारचा मुलगा मदतीला आला. नंतर जड पलंगच त्याच्या आत्याला देऊन टाकला आणि एकाची बाज घेतली. व्हरांड्यात खुर्ची एकच ठेवली, दुसरी पाहुणा आला की काढतो. तिचं कपाट तसंच आहे, त्याला हात लावला नाही. त्याची गरजही नाही. रात्री दिवे मालवतो. टीव्ही बंद. वीज गेली तर आता कळतही नाही.

हिशेब सांगायलाच हवा, मास्तर तो मास्तर. १६८ किलोमीटर. पेट्रोल चौदा लिटर, १,४७० रुपये. पावत्या आणि पार्किंग १८०. चहा-नाश्ता २६०. जिथे जेवलो तिथल्या मुलांना वह्या-खाऊ ४५० (पैसे कोणी घेतले नाहीत). पेढे २४०. पणत्या-तेल ४०. एकूण २,६४०. राहण्याचा खर्च शून्य.

मुलांशीही बोलणं झालं, सगळं, दिव्यांसकट. धाकटी फोनवर बराच वेळ गप्प होती. मग थोरला म्हणाला, "बाबा, पावसाळ्यात तरी या." ते मला पटलं. म्हणून आता आमचं असं ठरलंय, चातुर्मास पुण्यात, आठ महिने राजूरला. यंदा आषाढीला गेलो आणि कार्तिकीला परतलो. सूनबाईंनी माझी खोली छान केली आहे, नातवाला शिरोरेघ द्यायला शिकवून आलो. येताना तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही गेस्ट आहात का घरचे?" म्हटलं, मुक्कामी गाडी. त्याला काही कळलं नाही. मोठा झाला की सांगेन.

परवान्याचं म्हणाल, तर डॉक्टरांचा दाखला जोडून नूतनीकरण झालं. २०३०पर्यंत चिंता नाही. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, रात्री गाडी चालवू नका." म्हटलं, रात्री चालवत नाही, रात्री तिच्यात झोपतो.

ज्यांना जायचंय त्यांनी नोव्हेंबरात जावं. पाऊस संपलेला असतो, पाणी भरलेलं असतं. काच दोन बोटं उघडी ठेवा, इंजिन चालू ठेवून झोपू नका, गावात कोणाला तरी सांगून मुक्काम करा, सकाळी निघताना आपला कचरा आपल्याबरोबर न्या. आणि पाचनईला रात्री दहाला कोणी काच वाजवली, तर घाबरू नका. जागे आहोत म्हणून सांगा.